शिक्षकांनी आधी स्वतः करून दाखवावे

सोमवारी सकाळी कृतिपत्रिका हातात पडली की विज्ञानाच्या बाईंचे ग्रह फिरायचे. सातवी, आठवी, नववी आणि दहावी अशा चारही वर्गांकडून दर आठवड्याला एक कृती वर्गात करून घ्यायची आणि एक गृहपाठ घरी द्यायचा, असा वरून आलेला नियम होता. वरून म्हणजे नेमकं कुठून, हे शाळेत कुणालाच सांगता आलं नसतं. पण ज्यानं कुणी तो नियम केला त्यानं वर्गभर पोरांच्या हातात एकाच वेळी पेटत्या मेणबत्त्या कधी दिल्या नव्हत्या, एवढं बाई छातीठोकपणे सांगत.

बाईंच्या पिशवीत काय नसे? फुगे, लिंबं, खिळे, दोऱ्याची रिळं, चुंबक, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, कागदात गुंडाळलेले फुटक्या आरशाचे तुकडे. नवरा म्हणायचा, "पोलिसांनी तुझी झडती घेतली तर पकडतील नक्की, पण गुन्हा कोणता लावायचा यावर आपसात भांडतील." नवरा टपालखात्यात होता आणि त्याला असले विनोद सुचायला भरपूर वेळ मिळे.

संध्याकाळी गृहपाठाचे गठ्ठे. एकानं लिहिलेलं असायचं, 'रोपाला आठवडाभर पाणी घातले नाही. रोप मेले. निष्कर्ष: आई रागावली.' दुसरीनं मावसबहिणीच्या मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवताना मावसबहिणीची तारीखही इमानेइतबारे उतरवलेली असायची. एके काळी बाई असलं काही सापडलं की नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवत आणि दोघं पोट धरून हसत. आता त्या लाल पेनानं बरोबरची खूण करायच्या आणि पुढची वही ओढायच्या.

कामानं माणूस थकतं हे बाईंना ठाऊक होतं. यंदाचा थकवा मात्र ऐकण्याचा होता. गेल्या वर्षापासून लोकांच्या बोलण्यातून अक्षरं गळायला लागली होती. आवाज यायचा, पण त्यातला 'स' गायब, 'त' अर्धवट, 'फ' तर वाऱ्यावर गेलेला. उरलेलं ओठांवरून वाचायचं, नाहीतर अंदाजानं भरून काढायचं. दिवसभर हा उद्योग केला की संध्याकाळी कपाळ ठणकायचं, आणि नवरा पाठमोरा उभा राहून काही बोलला की बाईंना उगाच रडू यायचं. नवऱ्याचं बोलणं बायकोला ऐकू न येणं हे काही दुखणं नव्हे, ते घरोघरी चालतं. त्यामुळे त्यालाही बरेच दिवस शंका आली नाही. आली तेव्हा तो म्हणाला, "एकदा कान तपासून घे बघू."

"माझे कान ठणठणीत आहेत," बाई म्हणाल्या. "तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता."

आणि त्यांनी विषय मिटवला. मिटवण्यासारखंच होतं ते. चित्रकलेच्या सरांची नजर मंदावली तेव्हा शाळेनं मोठ्या प्रेमानं त्यांचा सत्कार केला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना भांडारघरात खडूंची खोकी सांभाळायला बसवलं. सर अजून तिथंच होते. खडू न्यायला आलेल्या प्रत्येकाला ते "वर्ग कसा चाललाय?" असं विचारायचे, आणि उत्तर ऐकताना त्यांचं तोंड बघवत नसे. बाई पत्रिकेच्या नावानं कितीही बोटं मोडोत, सकाळी उठून साडी नेसायला त्यांना कारण होतं ते वर्गाचंच. वर्ग गेला तर आपल्यात उरलं काय, असा विचार आला की त्या घाईनं पुढची वही ओढत.

त्या सोमवारी नववीच्या पत्रिकेत ध्वनी आला. टेबलावर टिकटिक करणारं घड्याळ ठेवायचं. एकेकानं डोळे मिटून समोरच्या भिंतीपासून टेबलाकडे चालत यायचं आणि टिकटिक ऐकू आली की थांबायचं. टेपनं अंतर मोजायचं. गृहपाठ: घरातल्या लहानथोर सगळ्यांचं असंच अंतर मोजून वयाप्रमाणे आलेख काढा. आणि तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ होती, 'शिक्षकांनी आधी स्वतः करून दाखवावे.'

बाईंनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. लिंबात खिळे खुपसायचे होते तेव्हा नाही, फुगे फोडायचे होते तेव्हा नाही. नेमका इथेच शहाणपणा सुचला होता मेल्यांना!

त्यातच दुपारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ऑफिसात बोलावलं. मोठ्या बाईंचा आवाज मुळातच खालचा, त्यात डोक्यावर पंख्याची घरघर. बाई त्यांच्या ओठांवर नजर लावून खुर्चीच्या टोकावर बसल्या. नववीतल्या एका मुलीची आई तक्रार घेऊन आली होती. ही मुलगी म्हणजे शिट्टी. आवाज इतका बारीक की पहिल्याच दिवशी पोरांनी तिचं बारसं करून टाकलं होतं. दातांना तार लावल्यापासून तर ती तोंडावर हात धरूनच बोलायची.

"पोरीनं तोंडी परीक्षेत सगळी उत्तरं दिली म्हणे," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही शेरा मारलाय, 'उत्तर देत नाही'."

"पुटपुटते हो ती. तोंडावरचा हात काढेल तर शपथ. मी तरी काय करू?"

"बरं, बरं. शुक्रवारी नववीच्या तासाला मी मागे येऊन बसते. तिच्या आईला काहीतरी सांगायला हवं ना."

बाईंनी मान डोलावली. ऑफिसातून बाहेर पडल्यावर त्या जिन्याच्या कठड्याला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. पुटपुटते. किती सहज आलं तोंडातून! पोरीनं खरंच सगळी उत्तरं दिली असतील आणि त्यातलं आपल्यापर्यंत काहीच पोचलं नसेल, हे त्यांना तिथल्या तिथे कळून चुकलं होतं. कळूनही त्या पुढच्या तासाला गेल्या आणि आठवीला भिंगानं कागद जाळायला शिकवून आल्या.

मंगळवारी मधल्या सुट्टीत गणिताचे सर डबा उघडता उघडता म्हणाले, "काय हो, तुमच्या तासाला नववीची पोरं बोटं का नाचवतात?"

"बोटं?"

"काल व्हरांड्यातून चाललो होतो. तुम्ही काहीतरी विचारलंत, आणि तो लंबू उत्तर देताना सहा बोटं वर करतोय, मग मूठ वळतोय. मला वाटलं, मुक्यांची शाळा भरलीय की काय! माझ्या तासाला तर धडधडीत तोंडानं सांगतात. मी विचारलं त्यांना. म्हणाली, बाईंच्या तासाला असाच नियम आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "मीच केलाय नियम."

सरांनी मान हलवली आणि जेवायला लागले. बाईंचा घास मात्र हातातच राहिला. असला कुठलाही नियम त्यांनी केला नव्हता. उलट या बोटांवरून त्यांनी पोरांना कितीदा झापलं होतं. "बालवाडी आहे का ही? तोंड दिलंय ना देवानं?" पोरं खाली मान घालून हसायची आणि पुढच्या उत्तराला पुन्हा बोटं वर. शेवटी बाईंनीच नाद सोडला होता.

त्या उठल्या, प्रयोगशाळेत गेल्या आणि दार लोटून स्टुलावर बसल्या. हे सुरू कधी झालं, ते आता त्यांना लख्ख आठवत होतं. पाणी तापवण्याच्या कृतीत शिट्टीनं तापमान सांगितलं होतं, आणि बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं आठ. वर शिट्टीलाच फैलावर घेतलं होतं, "आठ अंशांवर वाफ निघते का गं? डोकं ठिकाणावर आहे का?" सगळा वर्ग चिडीचूप झाला होता. ती 'साठ' म्हणाली असणार. 'साठ'मधला 'स' गळाला की उरतो तो 'आठ'च. दुसऱ्या दिवसापासून बोटं आली. आणि बोटंच कशाला, हल्ली हा वर्ग शांत झालाय, एका वेळी एकच जण बोलतो, उठून समोर येऊन बोलतो, म्हणून बाई स्वतःच्याच शिस्तीवर खूश होत्या. ती शिस्त नव्हती. ही दीडदमडीची पोरं त्यांना सांभाळून घेत होती, आणि तेही एका शब्दानं त्यांना कळू न देता. बाईंना त्यांची इतकी माया आली आणि त्याच वेळी इतकी शरम वाटली, की दोन्हींचं मिळून शेवटी रडूच झालं. घंटा झाली ती त्यांना ऐकू आली नाही. व्हरांड्यातून पळणारी पावलं खिडकीतून दिसली तेव्हा त्या डोळे पुसून उठल्या.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी प्रयोगशाळेतलं चावीचं घड्याळ घरी आणलं. स्वयंपाकघरात, नवरा आंघोळीला गेलेला पाहून, त्यांनी ते एकेका कानाला लावून बघितलं. डाव्या कानाला अगदी चिकटवलं की दूरवर काहीतरी खुडखुड झाल्यासारखं वाटे. उजव्या कानाला तर घड्याळ आणि वाटी सारखीच.

"घड्याळाशी काय कुजबुज चाललीय?" नवरा दारात येऊन उभा होता.

"उद्याची तयारी."

तो जवळ आला आणि समोर खुर्ची ओढून बसला. "किती दिवस असं रेटणार आहेस?"

"सुट्टी लागेपर्यंत," त्या म्हणाल्या. "मी फार दमलेय हो. मला आत्ता काही विचारू नका."

पानं नवऱ्यानंच वाढली.

अंथरुणावर पडल्यावर बाईंनी युक्ती पक्की केली. नववीच्या वर्गात खिडक्या डाव्या हाताला. मागच्या भिंतीपासून निघायचं, डोळे मिटलेले. पहिल्या खिडकीचं ऊन दंडावर येईल, जाईल. दुसऱ्या खिडकीचं ऊन आलं की थांबायचं आणि हात वर करायचा. त्यांच्या वयाच्या माणसाला तेवढं अंतर शोभून दिसलं असतं. वीस वर्षं पोरांना प्रयोग शिकवून आता आपणच आकडा आधी ठरवून प्रयोग करणार, हे त्यांच्या मनात आलंच. पण मनात येणाऱ्या सगळ्या गोष्टींना उत्तर देण्याइतकं त्राण त्यांच्यात राहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सगळीच घाई झाली. दहावीचे चुंबक सापडेनात, सातवीच्या एकानं बाटली फोडली, आणि नववीच्या तासाला बाई घड्याळ बगलेत मारून धावतपळत पोचल्या. मोठ्या बाई आधीच शेवटच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. पोरं नको तितकी ताठ बसली होती.

बाईंनी घड्याळ टेबलावर ठेवलं, पंखे बंद करायला लावले आणि कृती समजावून सांगितली. घड्याळापाशी थांबायला कोण? पहिल्या बाकावर शिट्टीच होती, ती उठली. टेप लंबूकडे दिली. शिट्टी टेबलाशी गेली, घड्याळाकडे वाकली आणि चटकन मान वर करून तिनं बाईंकडे पाहिलं. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण बाई तोवर मागच्या भिंतीकडे निघाल्या होत्या.

"आधी मी करून दाखवते," त्या मोठ्या बाईंजवळून जाताना म्हणाल्या. "पत्रिकेत तसं लिहिलंय."

त्यांनी भिंतीला पाठ लावली, डोळे मिटले आणि चालायला सुरुवात केली. आत नुसती पोकळी होती. बाकांच्या कडा हातांना लागत होत्या. डाव्या दंडावर ऊन आलं, मग सावली. पुन्हा ऊन आलं तशा बाई थांबल्या आणि त्यांनी हात वर केला.

"येतेय ऐकू," त्या म्हणाल्या. "छान स्वच्छ येतेय. मोजा."

डोळे उघडले तेव्हा लंबू टेप घेऊन पायाशी बसला होता. त्यानं वर बघून आकडा सांगितला, बोटांनीही सांगितला, आणि मागे मोठ्या बाईंनी तो आपल्या कागदावर टिपून घेतला. झालं. निभावलं. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि फळ्यावर तक्ता आखायला त्या पुढे गेल्या.

तेव्हा त्यांना दिसलं की शिट्टीनं घड्याळाच्या तबकडीसमोर तळहात आडवा धरलाय. पोरीच्या कपाळावर घाम होता. बाईंनी तिचा हात हळूच बाजूला केला. सेकंदाचा काटा उभाच्या उभा होता. सकाळच्या धांदलीत घड्याळाला चावी द्यायची राहिली होती. दुसऱ्या कुणी ते घड्याळ बगलेत घेऊन दोन व्हरांडे पार केले असते तर बंद पडलंय हे त्याला वाटेतच कळलं असतं. बाईंच्या हातात ते एरवीही असंच गप्प असायचं.

पुढच्या तिन्ही बाकांवरची पोरं बाईंकडे बघत होती. त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं. मोठ्या बाईंना तेवढ्या लांबून काही कळणं शक्य नव्हतं.

"चालू होतं ना गं?" बाईंच्या तोंडून कसंबसं निघालं.

शिट्टीनं तोंडावरचा हात खाली घेतला. तारेसकट सगळे दात दिसू देत, एकेक अक्षर सुटं करत ती म्हणाली, "हो बाई. चालू होतं."

एवढ्या लांबलचक वर्षात या मुलीचं एवढं स्पष्ट वाक्य बाईंना पहिल्यांदाच कळलं होतं, आणि ते धादांत खोटं होतं. हिच्या नावापुढे आपण शेरा मारला, ऑफिसात बसून हिच्यावरच खापर फोडलं, आणि ही आपल्यासाठी तोंड उघडून खोटं बोलतेय. बाईंना त्या क्षणी भांडारघर, खडूंची खोकी, सरांचं तोंड, सगळं दिसलं. पण त्या इतक्या दमल्या होत्या की आता आणखी एक खोटं उचलून धरायची ताकद त्यांच्या हातात नव्हती, आणि ते या पोरीच्या डोक्यावर द्यायची तर मुळीच नव्हती.

त्यांनी घड्याळ उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरून त्याला चावी दिली.

"हे घड्याळ बंद होतं," त्या वर्गाला म्हणाल्या. "आणि मी सांगितलं, मला ऐकू आलं. मोठ्या बाई, तो आकडा खोडून टाका. मला ऐकू येत नाही. वर्ष होऊन गेलं. शिट्टीनं तोंडी परीक्षेत उत्तरं दिली होती, ती मलाच ऐकू आली नाहीत. मी तुमच्याशी खोटं बोलले."

मग त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं, पुन्हा मागच्या भिंतीपर्यंत गेल्या, डोळे मिटले आणि चालू लागल्या. या खेपेला त्या कुठेही थांबल्या नाहीत. टेबल पोटाला लागलं तेव्हा त्यांनी घड्याळ हातात घेऊन डाव्या कानाला टेकवलं.

"आत्ता," त्या म्हणाल्या. "लिही रे. अंतर शून्य."

लंबूनं टेप उलगडलीच नाही. मोठ्या बाई उठून बाकांमधून पुढे येत होत्या, आणि येता येताच त्यांनी तोंडाचा एवढा मोठा आ करून, हातवारे करत ओरडायला सुरुवात केली. त्या काय ओरडताहेत ते बाईंना धड कळेना. पसरलेले ओठ वाचता येत नव्हते. सोमवार असं काहीतरी होतं, ऑफिस होतं. पोरांसमोर आपल्याशी असं ठार बहिऱ्या म्हातारीशी बोलावं तसं बोलताहेत, एवढं मात्र कळलं, आणि बाईंची मान खाली गेली. पुढे आता असंच होणार, त्यांना वाटलं.

इतक्यात मोठ्या बाई बोलता बोलता थांबल्या. त्यांचं लक्ष शिट्टीकडे गेलं होतं. शिट्टी बाईंकडे पाठ करून मोठ्या बाईंना काहीतरी सांगत होती. बाईंना दिसत होती ती नुसती वेणी आणि ताठ झालेले खांदे. मोठ्या बाईंचा चेहरा आधी चिडला, मग ओशाळला.

"काय म्हणाली रे ती?" बाईंनी लंबूला विचारलं.

लंबू उठून बाईंच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. "म्हणाली, ओरडू नका," तो सावकाश म्हणाला. "समोर उभं राहून नेहमीसारखं बोला. आम्ही रोज तसंच बोलतो. बाईंना कळतं."

मोठ्या बाई जरा घुटमळल्या. मग त्या टेबलाला वळसा घालून बाईंच्या समोर आल्या, लंबूनं त्यांना जागा करून दिली, आणि त्या आपल्या नेहमीच्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "सोमवारी सकाळी माझ्याकडे या. काय करायचं ते दोघी मिळून बघू. आता पुढच्या मुलाला बोलवा, तास संपत आलाय."

बाईंना शब्द न् शब्द कळला.